प्राक्सेदिसचं कोपर

प्राक्सेदिसचा हात दुखायला लागला, तेव्हा पहिला आळ आला तो माझ्या बर्फावर.

मी आइस्क्रीम विकते. लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ, मधे पत्र्याचा डबा, आणि तो डबा हाताने गरागरा फिरवत राहायचं, असा माझा धंदा. बाजारात माझ्या शेजारची जागा प्राक्सेदिसची. तिच्या नेरेइदाची मी धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला मांडीवर घेऊन मीच बसले होते, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. कोमाद्रे म्हटलं की भांडायचा हक्क आपसूक मिळतो. तर बाजारातल्या शहाण्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं, की पहाटे घरी तव्यापुढे तापलेला हात घेऊन ही बाई दिवसभर बर्फाशेजारी बसते, मग थंडी शिरणार नाही तर काय? झालं! लोक माझ्या बादलीकडे असं बघायला लागले, जणू मी आत साप पाळलाय.

"अगं, बर्फात हात माझा असतो!" मी ओरडले. "मग माझा का नाही दुखत?"

"तुला काय होणार, दोमितिला," समोरची मिरच्यावाली म्हणाली. "मुडद्याला कधी थंडी वाजते का?"

त्या बाईकडून मी त्यानंतर मिरच्या घेतलेल्या नाहीत.

प्राक्सेदिस तेहाते नावाचं गार पेय करते. आमच्या डोंगरावरच्या गावातल्या सगळ्याच बायका करतात आणि सकाळच्या गाडीने खाली ओआहाकाच्या बाजारात नेऊन विकतात. राखेत शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय फळाची बी आणि एक सुगंधी फूल, हे सगळं गिरणीतून दळून आणायचं. मग त्याचा गोळा भल्या मोठ्या मातीच्या परातीत घालून, कोपरापर्यंत हात बुडवून, थोडं थोडं पाणी घालत फेटायचं. फेटता फेटता वर पांढरा फेस येतो. तो फेस म्हणजे सगळं काही. खालचं पेय गोड आहे की फिकं ते नंतर बघतात, आधी फेस किती उंच चढला ते बघतात. ज्या बाईचा फेस बसला तिची अब्रू बसली. आणि एका परातीत हात एकीचाच. दुसरीने बोट जरी घातलं तरी फेस उतरतो असं म्हणतात. खरं आहे का? कोणी घालून बघितलंय!

प्राक्सेदिस ठेंगणी आणि गोलमटोल आहे. पुढच्या दाताला सोन्याची कड आहे, आणि ती दिसावी म्हणून ती भांडतानासुद्धा हसते. आई लवकर गेली, मावशीने वाढवली, आणि पाटीपेन्सिल धरायच्या वयात परातीत हात घातला. त्याच हातावर तिने घर बांधलं आणि तीन मुलं मोठी केली. नवरा सिरिलो गावच्या बँडमध्ये ट्युबा वाजवतो. तो माणूस घरात तोंड उघडत नाही, त्याचा जो काय आवाज निघायचा तो ट्युबातूनच निघतो. गिऱ्हाईक फेस वाटीतच ठेवून निघालं तर प्राक्सेदिस त्याला हाक मारून परत बोलावते. "अहो, एवढा हात मोडून फेस काढला तो काय कपडे धुवायला? प्या!" आणि लोक पितात.

तिची एकच वैरीण होती. एर्मेलिंदा. आमच्याच रांगेत अगदी दुसऱ्या टोकाला बसते. उंच, सडसडीत, केसात रोज ताजं फूल, आणि आवाज कधी चढवत नाही. न ओरडणाऱ्या बाईचा जेवढा राग येतो तेवढा ओरडणारीचा येत नाही. या दोघींत फेस कोणाचा उंच, हा वाद आमच्या गावात चर्चपेक्षा थोडाच नवा असेल. आणि गावात एवढी पोरं असताना नेरेइदाने पसंत कोणाला करावं? एर्मेलिंदाच्या मुलाला! नाताळात बोलणी झाली. दोघी वैरिणी एका दिवसात विहिणी झाल्या, गळ्यात गळे घातले, आणि मिठीतून सुटल्यावर दोघींनी आपापली शाल झटकली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडची मंडळी वाजतगाजत नवरीच्या अंगणात येतात. तिथे सगळ्यांच्या देखत नवरीच्या आईने स्वतःच्या हाताने तेहाते फेटायचं आणि पहिली वाटी विहिणीच्या हातात द्यायची. विहीण पिते आणि काय ते बोलते. ती जे बोलेल ते गावात जन्मभर बोललं जातं. एका बाईचा फेस लग्नात बसला होता, तिच्या नातवंडांनासुद्धा अजून 'बसक्याची' म्हणतात. लग्न ठरलं मे महिन्यातलं, पाऊस सुरू व्हायच्या आत. आणि ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास लागले तोवर प्राक्सेदिसला ओला फडका पिळता येईना.

तिने लपवलं. पण माझ्यापासून काय लपणार! आधी वेणी वाकडी दिसायला लागली. मग ती मोड डाव्या हाताने द्यायला लागली. मग उन्हाचा वणवा पेटलेला असताना लोकरीची शाल उजव्या हाताला गुंडाळून बसायला लागली.

"कोमाद्रे, हाताला काय झालं?"

"काही नाही. झोपेत दबला."

"महिनाभर झोपलीयेस की काय?"

"तू तुझा डबा फिरव."

मग कळलं की घरात उपचारांची जत्रा भरली होती. मेस्कालच्या दारूत भिजवलेला पाला झाला, मेणबत्तीची चरबी झाली, मासळीच्या तेलासारख्या वासाचं एक मलम झालं. बहीण म्हणाली, हा गिळलेला राग आहे, विहिणीवरचा, तो हातात उतरलाय. हे कारण प्राक्सेदिसला जरा पटलं, कारण राग होताच. शेवटी ती हाडं चोळणाऱ्या तोमासाकडे गेली. तोमासाचे अंगठे म्हणजे खुंट्या. तिने कोपरावर असा काही जोर लावला, की प्राक्सेदिसने तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली. तोमासा समाधानाने म्हणाली, "दुखणं बाहेर पडतंय." बाहेर कसलं पडतंय, दुसऱ्या दिवशी ते जास्तच मुक्कामाला आलं.

आणि एका गुरुवारी भर बाजारात गिऱ्हाइकाला देता देता भरलेली वाटी तिच्या हातातून सुटली. तेहाते जमिनीवर सांडलं. तिने कोणाला शिवी दिली नाही, हसली नाही, नुसती त्या ओल्या जमिनीकडे बघत राहिली. रांगेच्या त्या टोकाला एर्मेलिंदा मान वळवून बघत होती.

"दोमितिला," प्राक्सेदिस हळू आवाजात म्हणाली, "मे महिन्यात मी काय करू गं?"

तिने मला नावाने हाक मारली तेव्हा मी घाबरले. मी माझ्या डब्यावर गोणपाट टाकलं, तिचा डावा हात धरला आणि तिला तडक दवाखान्यात नेलं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरबाई तरुण आहेत, पण ऐकून घेतात. प्राक्सेदिस खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "थंडी शिरलीय. एक सुई द्या, मी जाते."

"सुई कुठे पळून जात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी सांगा, चढ चढताना हात जास्त दुखतो का? छातीत दाबल्यासारखं, जबड्यात दुखणं, धाप, अंगाला घाम?"

"मी हाताचं दाखवायला आले, तुम्ही छातीचं काय विचारता?"

"बायकांचं हृदय कधी कधी हातातूनच ओरडतं, म्हणून आधी ते विचारते. तसं झालं तर बाजार सोडून ताबडतोब यायचं. शाल गुंडाळून बसायचं नाही."

तसलं काही नव्हतं. मग त्यांनी मान इकडून तिकडे वळवायला लावली, बोटांना मुंग्या येतात का विचारलं, झोपेत अंगठा बधिर होतो का विचारलं. हात डोक्यावर नेऊन दाखवायला सांगितला, कारण या वयात बायकांचा खांदा गोठल्यासारखा आखडतो, साखरेचा आजार असला तर जास्तच. बोट टोचून साखरही बघितली. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी कोपराच्या बाहेरच्या हाडावर एक बोट ठेवलं, नुसतं ठेवलं, आणि म्हणाल्या, "आता मूठ वर उचला, मी खाली दाबते."

प्राक्सेदिसने देवाच्या आईला हाक मारली.

"सापडलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मनगट उचलणारे स्नायू इथे दोरीसारखे हाडाला बांधलेले असतात. ती दोरी झिजलीय. एकच हालचाल, रोज, ताकदीने. तुम्ही काय काम करता?"

"तेहाते."

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा पाण्याचं तसराळं पुढे सरकवलं. "करून दाखवा."

प्राक्सेदिसने त्यात हात घालून फेटून दाखवलं. मी बघत होते, आणि आयुष्यभर शेजारी बसून जे लक्षात आलं नव्हतं ते मला तिथे दिसलं. तिचा हात पूर्वी पाण्यात चालावा तसा चालायचा. आता चिखल तुडवल्यासारखा चालत होता.

"कोमाद्रे," मी म्हणाले, "पाणी कधीपासून कमी घालतेस?"

"मी कुठे कमी घालते?"

"नाताळापासून तुझा फेस वीतभर उंच झालाय. गिऱ्हाइकं बोलतात. घट्ट गोळा फेटतेस ना? खरं सांग."

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "घट्ट गोळ्याचा फेस उंच येतो. एर्मेलिंदाचापण नाताळापासून वाढलाय. मी काय हातावर हात ठेवून बसू?"

म्हणजे बहिणीचंच बरोबर होतं. दुखणं विहिणीचंच होतं, फक्त रागातून नाही, गोळ्यातून आलं होतं. मी इतकी हसले की डॉक्टरबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "हा असला हात मी या वर्षी पहिल्यांदा बघत नाहीये."

"दुसरी कोण?" प्राक्सेदिस आणि मी एकदमच बोललो.

"ते मी सांगणार नाही."

सुई मिळाली नाही. ती दिली तर लग्नापर्यंत कदाचित गप्प बसेल आणि पुढे दुप्पट होऊन उठेल, असं त्यांनी सांगितलं. चार दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्या जेवल्यावरच घ्यायच्या. कोपराखाली बांधायचा पट्टा दिला. तोमासाचे अंगठे बंद. घट्ट गोळा बंद. काही आठवडे परात बंद. जड काही उचलायचं तर तळवा वर करून उचलायचं. घेवड्याची छोटी पिशवी हातात धरून मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं, रोज. घाई केली तर दोरी पुन्हा उसवते. आणि दुखेल तेव्हा बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा वेळ कोपरावर.

"बर्फ?" प्राक्सेदिसचा आवाज फाटला.

"बर्फ," मी म्हणाले. हा शब्द मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी उच्चारला नव्हता.

बाजारात हाहाकार झाला. तव्यावर तापलेल्या हाताला बर्फ! मिरच्यावालीने छातीवर क्रूसाची खूण केली. प्राक्सेदिस स्वतः तीन दिवस तयार होईना. शेवटी तिने मधला मार्ग काढला. उजव्या कोपरावर माझा बर्फ, आणि थंडी हृदयाकडे जाऊ नये म्हणून डावा हात गरम भाकऱ्यांच्या टोपलीत. अशी ती बसायची, एक हात हिवाळ्यात आणि एक उन्हाळ्यात. गिऱ्हाइकं तेहाते सोडून तिलाच बघायला यायची. मी डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भाकऱ्यांनी काही बिघडत नाही. बर्फ लावतायत ना?"

पण परात कोण सांभाळणार? तिच्या परातीत दुसरा हात चालत नाही. मग नेरेइदाने स्वतःची वेगळी परात आणली, लहानशी, आणि आईच्या शेजारी बसली. पोरीने कधी आईसमोर फेटलंच नव्हतं. एवढा पट्टीचा हात घरात असताना हिची गरज कोणाला होती? नेरेइदा पाणी सढळ हाताने घालायची, हात सैल सोडायची आणि फेटता फेटता गाणं म्हणायची.

"हे काय, साबणाचं पाणी?" प्राक्सेदिस पुटपुटायची.

"आई, तू भाकऱ्यांत हात घालून गप्प बस."

फेस बेताचा यायचा, पण यायचा. गिऱ्हाइकं पीत होती. प्राक्सेदिसला याचा आनंद झाला की दुःख, ते तिलाच ठाऊक. एकदा मात्र मी तिला पोरीच्या हाताकडे बघताना पकडलं. तिचे डोळे भरले होते. मला बघितल्यावर म्हणाली, "मिरच्यांचा खाट." मिरच्यावाली त्या दिवशी आलीच नव्हती.

पिशवी उचलत, बर्फ लावत, कुरकुरत मे उजाडला. हात बराच निवला होता. फडका पिळता येत होता, वेणी सरळ झाली होती. पण डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "लग्नात फेटा, पण सैल. घट्ट गोळा फेटलात तर वर्षभर माझ्याकडे याल." प्राक्सेदिसने मान हलवली. ती मान मी ओळखते. त्या मानेत होकार नव्हता.

लग्नाच्या दिवशी अंगण फुलून गेलं होतं. टर्की पक्षी डोक्यावर घेऊन नाचणारी मंडळी आली, मागून बँड, आणि बँडमध्ये सिरिलो गाल फुगवून. गावातल्या झाडून सगळ्या तेहातेवाल्या आल्या होत्या आणि परातीभोवती अशा उभ्या होत्या, जशा परीक्षेला मास्तरणी. अगदी पुढे एर्मेलिंदा, नव्या शालीत, केसात पांढरं फूल. डॉक्टरबाईंनाही बोलावणं होतं, त्या मोलेच्या, म्हणजे लग्नातल्या मिरचीच्या रश्शाच्या, ताटावर डोळा ठेवून कोपऱ्यात बसल्या होत्या. बँड थांबला.

प्राक्सेदिस गुडघ्यांवर बसली आणि तिने हात घातला. गोळा घट्ट होता. मला लांबूनच दिसलं. पहिले काही हात तिने जुन्या जोराने मारले आणि फेसाची कड वर आली. बायका कुजबुजल्या. मग तिचा ओठ दाताखाली गेला. कोपर एकदा थांबलं, पुन्हा चाललं, पुन्हा थांबलं. मी मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते, आणि तितक्याच जोरात देवाला हात जोडत होते.

तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, नेरेइदाकडे बघितलं. नवरीच्या पोशाखातल्या त्या पोरीने काहीच केलं नाही. फक्त स्वतःचा हात सैल सोडून, मनगटातून हवेत एकदा फिरवला.

प्राक्सेदिसने पाण्याचा घडा डाव्या हाताने ओढला आणि सगळ्यांच्या देखत परातीत ओतला. भळाभळा ओतला. कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. गोळा सैल झाला, तिचा हात पुन्हा पाण्यात चालावा तसा चालायला लागला, आणि ती हळूहळू, न थांबता फेटत राहिली. फेस आला. उंच नाही. बेताचा, पांढरा, मऊ.

तिने पहिली वाटी भरली, उभी राहिली, विहिणीसमोर गेली आणि वाटी पुढे केली. तिची हनुवटी वर होती.

एर्मेलिंदाने वाटी घेतली. दोन्ही हातांनी घेतली. प्यायली. ओठावर पांढरी मिशी आली, ती तिने पुसली नाही. सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती आपल्या त्या न चढणाऱ्या आवाजात म्हणाली, "विहीणबाई, पाणी जास्त घातलंत."

प्राक्सेदिसच्या मानेची शीर उडताना मला दिसली.

"बरं केलंत," एर्मेलिंदा म्हणाली. "तुम्ही घातलंत, आता मलाही घालता येईल." आणि वाटी खाली ठेवून तिने नव्या शालीची उजवी बाजू वर सारली. कोपराखाली पट्टा होता. अगदी प्राक्सेदिसच्या पट्ट्यासारखाच.

प्राक्सेदिस आधी पट्ट्याकडे बघत राहिली, मग कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरबाईंकडे, मग पुन्हा विहिणीकडे. "नाताळापासून?" तिने विचारलं.

"नाताळापासून. वीतभर फेस तुमचा वाढला, मग मी काय करणार होते?"

"मेली! मला वाटलं तुमचा आधी वाढला!"

आणि दोघी हसत सुटल्या. एर्मेलिंदा एवढ्या मोठ्याने हसू शकते हे तिच्या मुलालाही ठाऊक नसावं. तेवढ्यात मागून एक म्हातारी तेहातेवाली पुढे आली, बाही वर करून म्हणाली, "मला इथे दुखतं. कितीतरी वर्षं." दुसरी म्हणाली, "मला अंगठ्याच्या मुळाशी." तिसरीने खांदा दाखवला. बघता बघता अंगणभर बाह्या वर झाल्या, आणि ज्या बायका काल मेल्या असत्या पण बोलल्या नसत्या, त्या एकमेकींची कोपरं दाबून बघत होत्या. "इथे?" "हो, तिथेच, अगं हळू!"

सिरिलोला काय करावं कळेना, म्हणून त्याने ट्युबा वाजवायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंभोवती एवढी गर्दी झाली की त्यांचं मोलेचं ताट तसंच गार झालं. प्राक्सेदिसने विहिणीला दंडाला धरून माझ्याकडे आणलं आणि म्हणाली, "दोमितिला, बर्फ काढ. दोघींना."